चोवीस नंबरचे पाय

मी काय काम करते हे माझ्या नवऱ्याला आजही धड सांगता येत नाही. कोणी विचारलं की तो म्हणतो, "ती टीव्ही बघते आणि अमेरिकेला कळवते." चार लोकांत हशा पिकतो. मीही हसते, कारण त्यात खोटं काहीच नाही. इथे आखातात, अल कुसैसमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही आठ जण दिवसभर अमेरिकन फुटबॉलचे सामने बघतो. तेही तिकडच्या कॉलेजांचे, आणि त्यातही फक्त बचाव करणारे खेळाडू. दर वर्षी एप्रिलमध्ये तिकडचे व्यावसायिक संघ कॉलेजमधली पोरं पाळीपाळीने निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी कोण कसा खेळतो याचे अहवाल संघांकडे जातात आणि त्यातले काही आमच्या हातचे असतात, तिकडच्या एका कंपनीमार्फत गेलेले. एका खेळाडूला एक पान.

हा खेळ मी मैदानावर जाऊन एकदाही पाहिलेला नाही. इथे येण्याआधी सांगली-कोल्हापूरकडे मी कबड्डी खेळायचे. डावा कोपरा सांभाळायचे, आणि चांगली खेळायचे. हे मी उगाच लाजून सांगणार नाही. लग्न होऊन इकडे आले, बरीच वर्षं एका भारतीय शाळेत पीटी शिकवली आणि 'सावधान-विश्राम' करून घशाचं वाटोळं झाल्यावर या कंपनीची जाहिरात पाहून गेले. मुलाखतीला केरळचा एक सुपरवायझर होता. त्याने एक तुकडा दाखवला आणि विचारलं, "मॅडम, क्या दिखा?" माझ्या आधीच्या सगळ्यांनी म्हणे चेंडूबद्दल सांगितलं. मी म्हटलं, "भाई, बॉल का पता नहीं. लेकिन वो कोनेवाला लडका डरा हुआ है. उसका पूरा वजन एडी पे है." त्याने तुकडा पुन्हा लावला. पुढच्याच क्षणी तो मुलगा मागे पडला आणि समोरचा गडी त्याला चुकवून पळाला. मला सोमवारपासून या म्हणाले.

कोपऱ्यावर खेळणाऱ्याला गुरू पहिल्यांदा हेच शिकवतात, की चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड फसवतं, हात फसवतात, पाय फसवत नाहीत. माझी ती खोड इतकी मुरली आहे की जबल अलीहून गोदामाची बस येते तेव्हा उतरणाऱ्या चाळीस जणांतून नवरा मला चालीवरून आधी दिसतो, चेहऱ्यावरून नंतर. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर चेहरा दिसतच नाही. हेल्मेट, त्यापुढे जाळी. लांबून घेतलेल्या फिल्ममध्ये राहतात ते फक्त शर्टावरचा नंबर आणि पाय.

त्या वर्षी माझ्या वाट्याला एका लहानशा कॉलेजचा चोवीस नंबर आला. मैदानाच्या कडेला उभं राहून समोरच्या पळणाऱ्या गड्याला चिकटून राहायचं, ही त्याची जागा. मला तो पहिल्याच सामन्यात आवडला. मागे सरकताना पायावर पाय पडत नव्हता. कंबर अशी वळायची की बघत राहावं. समोरचा संघ त्याच्या बाजूला चेंडू टाकतच नव्हता, त्यामुळे आकड्यांत त्याच्या नावावर फारसं काही दिसायचं नाही. पण ज्याच्याकडे कोणी जायलाच धजत नाही तो वाईट कसा? हे मी अहवालात लिहिलंही. फक्त एक गोष्ट मला कळेना. चेंडू उंच लाथाडून खेळ सुरू होतो, तेव्हा पळत जाऊन समोरच्याला पाडायचं असतं. नेमका तिथेच हा माणूस पकडी सोडत होता. मोसमात सहा सोडल्या होत्या. कॉम्प्युटरने नंबरावरून त्या सहा जागा काढून दिल्या, मी प्रत्येक ठिकाणी शर्टावरचा चोवीस आकडा पाहिला आणि बरोबरची खूण केली. मग कपाळाला आठ्या घालून खाली लिहिलं: पकड भरवशाची नाही.

अशा लहान कॉलेजच्या खेळाडूला मोठे संघ बारा वेळा बघत नाहीत. त्याच्याविषयी जी पाचदहा पानं फिरतात त्यांवर त्याचं नशीब ठरतं. ड्राफ्टमध्ये नाव आलं तर आलं, नाही तर बहुतेकांचा खेळ तिथेच संपतो. हे मला ठाऊक होतं, तरी मी ते वाक्य लिहिलं, कारण मला ते खरं वाटत होतं. पान गेलं.

मग रमजान सुरू झाला. ऑफिस लवकर सुटायचं. एका दुपारी मी त्याच कॉलेजच्या दुसऱ्या एका खेळाडूची फिल्म बघत होते. चेंडू लाथाडला गेला, सगळे धावत सुटले, आणि त्यांत चोवीस नंबर दिसला. तो डोकं खाली घालून, दोन्ही पाय हवेत ठेवून समोरच्याच्या अंगावर झेपावला आणि तोंडावर आपटला. मी फिल्म थांबवली. हे पाय माझ्या ओळखीचे नव्हते. माझा चोवीस नंबर पकडीला जाताना आधी बारीक पावलं टाकतो आणि उजवा पाय मागे रोवतो. हा भलताच कोणीतरी होता. मी फिल्म सावकाश पुढे नेली. झेपावलेला उठला आणि कडेला बाकाकडे पळाला. त्याच वेळी बाकाकडून बचावाचे खेळाडू मैदानात येत होते. फिल्मच्या एकाच चौकटीत दोघे एकमेकांना ओलांडून गेले, आणि दोघांच्याही पाठीवर चोवीस.

तिकडच्या कॉलेजात एका संघात एकाच नंबरचे दोन खेळाडू चालतात, फक्त दोघे एका वेळी मैदानात नकोत. हा नियम आम्हा आठांपैकी एकालाही माहीत नव्हता. कबड्डी खेळलेली मी, क्रिकेटवर पोसलेले बाकीचे. एक संघ, एक नंबर, एक माणूस, यात विचारण्यासारखं काही असतं असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी सहाही जागा परत काढल्या. सहाच्या सहा त्या दुसऱ्याच्या. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि ती मी दिली होती.

खरं सांगायचं तर पहिला विचार त्या मुलाचा नव्हता. कोणाला कळेल का, हा होता. पँट्रीत जाऊन दार लावून चहा प्यायले, कारण बाहेर उपास करणारे होते, आणि कप धुताना माझी मलाच लाज वाटली.

मी स्वतः एकदा राज्याच्या निवडीत वगळली गेले होते. कारण कोणी सांगितलं नाही. वडील दोन वर्षं विचारत राहिले, "पण तू चुकलीस कुठे?" मला काय ठाऊक? कारण कळलं असतं तर भांडले तरी असते. ते जुनं दुखणं मी एरवी काढत नाही आणि त्याचा मोठा बाऊही करत नाही. पण त्या पँट्रीत पहिल्यांदा वाटलं, की तेव्हाही कोण्या भल्या माणसाने, कसलंही वैर नसताना, चहा पिता पिता काहीतरी लिहिलं असेल.

सुपरवायझरकडे गेले. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी ती चौकट त्याच्या पडद्यावर लावली. त्याने दोन मिनिटं पाहिली. उपासाने त्याचा चेहरा आधीच उतरलेला होता, आता आणखी उतरला.

"मॅडम, रिपोर्ट तो गया."

"हां भाई. गलत गया."

"गया तो खलास. अभी एक खोलेगा, तो क्लायंट बोलेगा बाकी सब भी खोलो. दोसौ रिपोर्ट है. पूरा कॉन्ट्रॅक्ट हिल जायेगा. आठ लोग का फॅमिली है इधर."

"और उस लडके का?"

"इन्शाल्ला, उसका कुछ अच्छा होगा."

मी एरवी इन्शाल्लावर गप्प बसते. त्या दिवशी नाही बसले. माझा आवाज चढला आणि ऑफिसातले सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "भाई, अल्लाह के भरोसे वो छोडो जो अपने हाथ में नहीं है. ये अपने हाथ में है. एक मेल का काम है." उपासाच्या माणसाला असं बोलायला नको होतं. मी पर्स उचलली आणि घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू गोदामात असतीस तर सोपं होतं. चुकीचा माल गेला की गाडी परत बोलवायची, दुसरं काही नाही."

"आणि गाडी पोचली असली तर?"

"तर फोन करायचा. ओरडा खायचा. उद्या सकाळी पहिलं काम."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सुपरवायझर माझ्याच खुर्चीपाशी उभा होता. रात्री घरी जाऊन त्याने तो तुकडा बायकोला दाखवला होता म्हणे. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तिने विचारलं होतं, "ये दूसरे की सजा इसको क्यों?"

"भेजो मॅडम," तो म्हणाला. "लेकिन 'टीम की गलती' लिखना."

मी टीमची लिहिली नाही. मी लिहिलं की अहवाल माझा, चूक माझी. दोन खेळाडूंना एक समजले. सहाही पकडी दुसऱ्याच्या आहेत, सोबत चौकट जोडली आहे. आणि मग, जे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं ते, की बचावात असताना या खेळाडूने माझ्या पाहण्यात एकही पकड सोडलेली नाही. क्लायंटकडून एका ओळीचं उत्तर आलं: मिळालं. बाकी सगळे अहवाल पुन्हा तपासा.

तीन आठवडे आम्ही दोनशे अहवाल पुन्हा तपासले. पहिले दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एकाला असेच जुळे नंबर सापडले आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. मग हळूहळू सगळे निवळले. आता उशिरापर्यंत थांबावं लागे, तेव्हा संध्याकाळी रोजा सुटायच्या वेळी टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून आम्ही एकत्र खायचो, मी घरून साबुदाण्याचे वडे न्यायचे, आणि सुपरवायझर खजूर पुढे करत म्हणायचा, "लो मॅडम, पहले आप. आप से डर लगता है." मला ते दिवस आवडले. काम दुप्पट होतं, पण लपवायचं काही उरलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टही कुठे गेलं नाही.

तरी त्या एका ओळीपलीकडे मला काहीच माहीत नव्हतं. दुरुस्ती संघांपर्यंत गेली का? गेली तर कोणी उघडून पाहिली का? पहिलं पान सगळे वाचतात, चुकीची दुरुस्ती कोण वाचतं? एप्रिल येईपर्यंत हा भुंगा डोक्यात होता.

ड्राफ्टच्या पहिल्या फेऱ्या आमच्याकडे पहाटे होतात. त्या मी पाहिल्या नाहीत, तिथे त्याचं नाव येणारच नव्हतं. शनिवारी मात्र चौथी फेरी आमच्या संध्याकाळी आठला सुरू झाली. मी थालीपिठं थापली आणि सगळ्यांना टीव्हीपुढेच ताटं दिली. एरवी आमच्याकडे याला सक्त बंदी आहे. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला या खेळात रस नाही, पण आई ताटाकडे न बघता जेवते आहे हे पाहून ती मोबाइल ठेवून बसली.

एकेक नाव येत होतं. माझ्या यादीतले दोघे गेले, मग तिसरा. नवरा दर वेळी विचारायचा, "हाच का?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. नऊ वाजून गेले. थालीपीठ गार झालं.

आणि मग त्याचं नाव आलं. मी ओरडलेच. शेजारच्यांनी नक्की ऐकलं असणार. पडद्यावर त्याचं घर दाखवलं. लहान खोली, पंधरावीस माणसं, आणि मधे एक मुलगा आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होता. त्याने मान वर केली. सात महिने मी त्याचं पाऊलन् पाऊल पाहिलं होतं, पण चेहरा पहिल्यांदा पाहत होते. गालावर मुरमं होती. किती कोवळा होता तो! माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

स्टुडिओत बसलेल्या तिघांपैकी एक जण त्याचं कौतुक करत होता. म्हणाला, मुलगा उत्तम आहे, पकडही पक्की आहे. मग हसला. म्हणाला, सुरुवातीला एक अहवाल फिरत होता की याला पकड जमत नाही. ज्याने कोणी तो लिहिला त्याने बहुधा दुसऱ्याच कोणाला पाहिलं असावं, नाहीतर डोळे मिटून सामना पाहिला असावा. बाकीचे दोघे खो खो हसायला लागले.

नवऱ्याने माझ्याकडे चोरून पाहिलं. मुलीने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आई, इज ही टॉकिंग अबाउट यू?"

"हो," मी म्हटलं, "आणि अगदी बरोबर बोलतोय तो."