काय्सियाची गरम पाण्याची पिशवी

"पण सापच का?" हा प्रश्न नेवेंकाला दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारला होता, की एखादं बरंसं कारण असतं तर तिने ते दुकानाच्या दारावर लावून टाकलं असतं. कारण नव्हतं. मांजराचं खाणं आणायला गेली होती, काचेच्या पेटीत जर्दाळूच्या रंगाचा साप दिसला, आवडला, घेऊन आली. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात फक्त स्वतःसाठी म्हणून घेतलेली तिची ही पहिलीच गोष्ट. नाव ठेवलं काय्सिया, म्हणजे जर्दाळूच.

काय्सिया सव्वा मीटर लांब, बिनविषारी, आठवड्याला एक उंदीर खाणारी. बाकी वेळ दिव्याखालच्या गरम फरशीवर पडून राहायची. नवरा स्वेतोझार पहिला आठवडा रुसला आणि मग म्हणाला, "राहू दे. तुझ्या बहिणीपेक्षा कमी बोलते."

पण पिरोत गाव काही तिच्या नवऱ्यासारखं नव्हतं. बसस्टँडमागे नेवेंकाचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, अर्धं जमिनीखाली. गिऱ्हाइकं पॅन्ट देताना म्हणायची, "हात धुतलेत ना?" गल्लीत कोणाचं कोंबडीचं पिल्लू हरवलं की लोक आधी तिच्या खिडकीकडे बघत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फोनमधले फोटो. चांगली शिकलीसवरलेली माणसं काउंटरवर वाकून, कुदळीने ठेचलेला साप तिला कौतुकाने दाखवत. "हा बघा, आमच्या द्राक्षमळ्यात निघाला!" ती शिवणयंत्राची सुई बघत राहायची. तुमच्या कुत्र्याचा असा फोटो मी आणून दाखवला तर, असं ओठांवर यायचं आणि परत जायचं.

घाबरणाऱ्यांचा तिला राग नव्हता. नणंद देसांका घाबरायची. आली की दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर घेऊन बसायची, दर पाच मिनिटांनी "दार लावलंय ना गं वहिनी?" विचारायची, पण यायची. भीती दाखवून मोकळी व्हायची. ज्यांना किळस यायची ते मात्र सापाला सोडून नेवेंकाकडेच बघत, जणू तिच्याच अंगावर खवले उगवलेत.

कुम तिहोमिर त्यांतला. त्याच्या आजोबांनी स्वेतोझारच्या आजोबांच्या लग्नात साक्षीदार म्हणून उभं राहून हे नातं जोडलं होतं. तेव्हापासून प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला त्यांच्याच घरचा माणूस. कुम म्हणजे सख्ख्या भावाहून वरचा. साप आणल्यानंतरच्या पहिल्या स्लावाच्या सणाला तो आला, भिंतीवरच्या संत जॉर्जेच्या तसबिरीखाली उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वर संत सापाच्या घशात भाला खुपसतोय, आणि शेजारच्या खोलीत तुम्ही त्याच्याच भावाला जेवू घालताय. संताने समजायचं तरी काय?"

लोक पोट धरून हसले. नेवेंकाही हसली, घरची बाई म्हणून हसावंच लागतं. त्या वर्षी एकोणीस माणसं आली. पुढच्या वर्षी कुम आला नाही, आणि एकूण सात, त्यातही एक पाद्री.

स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. त्याला आमंत्रण नसतं. ज्याला आपलं घर आठवतं तो येतो. विचारायला जाता येत नाही, समजावता येत नाही, "साप कोंडून ठेवलाय हो, या" असा निरोपही धाडता येत नाही. यजमानाने मेणबत्ती लावायची आणि दाराकडे बघत राहायचं. मागच्या वर्षी स्वेतोझार संध्याकाळपर्यंत असाच बघत बसला होता. नेहमीच्या तिसांच्या अंदाजाने भाजलेलं कोकरू त्यांनी आठवडाभर खाल्लं होतं.

या वर्षी सणाच्या दोन दिवस आधी तो न्हाव्याकडून केस कापून आला, आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"मी सांगून आलोय, आपण काय्सिया देऊन टाकली म्हणून."

"कोणाला?"

"निश शहरातल्या एका माणसाला. अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे! दुकानात ठेव. नंतर बघू."

"शनिवारी तिने उंदीर खाल्लाय. खाल्ल्यावर तिला हलवायचं नसतं, आणि ऊब लागते. दुकानात माझेच पाय गारठतात!"

"नेवेंका," तो म्हणाला, "या वर्षी कुम आला नाही, तर मी मेणबत्ती लावणार नाही. माझ्या बापाची स्लावा माझ्या हातून बुडेल."

हे तो ओरडून बोलला असता तर ती भांडली असती. तो हळू बोलला. तिने भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात टॉवेल घातला, गरम पाण्याची पिशवी ठेवली, वर काय्सियाला ठेवलं आणि दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलाखाली नेऊन लपवलं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण झाकण तिने दोनदा तपासलं.

न्हाव्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. संत जॉर्जेच्या दिवशी दुपारी बारापासून बेल थांबेचना. चाळीस माणसं. जे दोन वर्षं रस्ता ओलांडून पलीकडून जात होते ते वाइनच्या बाटल्या घेऊन आले, तिच्या गालांचे तीन तीन मुके घेतले. "शहाणी झालीस हो!" "आता कसं घर घरासारखं वाटतंय!" एकीने काचेच्या रिकाम्या पेटीत डोकावून सुचवलं, "यात मासे छान दिसतील. लाल." कुम तिहोमिर बायकोला घेऊन आला आणि मधल्या खुर्चीवर बसला. स्वेतोझार तर दहा वर्षांनी लहान दिसत होता. वाइनचा जग घेऊन सगळ्यांच्या मागे फिरत होता, कारण स्लावाला घरचे बसत नाहीत. पाहुणे असेपर्यंत उभं राहायचं, वाढायचं.

अकरा वाजता नेवेंका पिशवीतलं पाणी बदलून आली होती. दोन वाजता पुन्हा निघाली.

"कुठे?" स्वेतोझारने दात आवळून विचारलं.

"अजमोदा संपलाय."

चारला पुन्हा निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्लावाच्या दिवशी घरधनीण उंबरा ओलांडते का कधी?" ती म्हणाली, बर्फ आणते. दुकानात किटलीत पाणी तापवलं, पिशवी भरली. काय्सिया कोपऱ्यात गच्च वेटोळं करून बसली होती, हाताला गार लागली. नेवेंकाने तिथेच जमिनीवर बसून एक सिगारेट ओढली. धूर सोडताना तिच्या लक्षात आलं, की या लोकांना घरात आणण्यासाठी तिला घराबाहेर यावं लागतंय.

बर्फ आणायला ती विसरलीच.

"आली, आली!" कुमने ग्लास उंचावला. त्याला आता चांगलीच चढली होती. "आणि हात रिकामे! स्वेतोझार, अरे, ही सारखी दुकानात जाते. दुकान आज बंद. यार लपवलाय की काय तिथे?"

टेबल हादरेपर्यंत हसले लोक. नेवेंकाच्या हातात सारमाचं, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं होतं. ती हसली नाही.

"यार नाही, कुम. काय्सिया आहे. तिची पिशवी गार होते, पाणी बदलावं लागतं."

कोणाचा तरी काटा बशीवर पडला.

"म्हणजे दिली नाही?" कुमने विचारलं. तिला नाही, स्वेतोझारला.

स्वेतोझार वाइनचा जग धरून उभा. त्याची मान आधी लाल झाली, मग कान.

"नाही दिली," नेवेंका म्हणाली. "आणि देणार नाही. उद्या सकाळी घरी आणणार आहे. तुम्हाला भीती वाटत असेल तर सांगा, दोन दारं लावते, तीन लावते. पण तुम्हाला भीती वाटत नाही, कुम. तुम्हाला मी आवडत नाही." मग तिने पातेलं टेबलावर ठेवलं, एक खुर्ची ओढली आणि बसली.

ती बसली म्हणून सासूबाईंनी "अगं बाई!" म्हटलं, सापावरून नव्हे.

कुम उठला. रुमालाने तोंड पुसलं, तसबिरीसमोर क्रूसाची खूण केली आणि गेला. त्याच्यामागून त्याची बायको, मग एकेक करत बाकीचे बरेच. लाल मासे सुचवणारी बाई जाताना आपली बाटली परत न्यावी की नाही या विचारात दारात घुटमळली, आणि घेऊन गेली. तेरा जण उरले. देसांकाने पाय दांडीवर घेतले.

"दुकानाला कुलूप नीट लावलंस ना गं वहिनी?"

"लावलंय."

"मग मला अजून दोन सारमा वाढ. बसूनच वाढ, मी बशी पुढे करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवेंका दुकानात गेली. डबा उघडण्याआधीच वास आला. काय्सियाने अर्धवट पचलेला उंदीर टॉवेलवर ओकून टाकला होता. एवढी धावपळ करूनही. नेवेंकाने टॉवेल गुंडाळला, डबा धुतला, सापाला कापडी पिशवीत घालून टोपलीत ठेवलं. हे सगळं करताना ती एकटीच मोठ्याने शिव्या देत होती. न्हाव्याला, निशच्या नसलेल्या माणसाला, लाल माशांना.

दुसऱ्या हातात कुमच्या वाट्याचा स्लावाचा केक होता, कागदात बांधलेला. भांडण झालं तरी वाटा पोचवायचा असतो. कुमची बायको फाटकाशी आली. टोपलीकडे बघत म्हणाली, "त्यात तेच का?"

"हो."

तिने हात लांब करून, बोटांच्या टोकांनी पुडकं घेतलं. आतून तिहोमिरने विचारलं, "कोण आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

घरी स्वेतोझार स्वयंपाकघरात बसला होता. समोर कोकराची परात, जवळजवळ अर्धी भरलेली. नेवेंकाने काय्सियाला पेटीत सोडलं, दिवा लावला, हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"उलटी केली तिने. आता दोन आठवडे काही खायला देता येणार नाही."

त्याने परातीतला एक तुकडा उचलला, बघितला, परत ठेवला.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "अर्धंच कोकरू आणू."