सुनिमबाईंचा वर्तमानकाळ

सुनिमबाईंच्या घरात सकाळी सगळ्यात आधी बोलतो तो भाताचा कुकर. "भात तयार आहे, हलवून घ्या," असं तो रोज एका तरुण बाईच्या गोड आवाजात सांगतो, आणि सुनिमबाई "हो, हो" म्हणत झाकण उघडतात. कोरियातल्या गुन्सानच्या बंदराकडे पाठ करून उभ्या असलेल्या त्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, त्यानंतर दिवसभरात कुणी बोलेलच याची खात्री नसते. म्हणून त्या दिवशी तव्यावर सुका मासा परतत असताना दारावर थाप पडली, तेव्हा ती शेजारच्याच दारावर असणार असं त्यांनी धरून टाकलं आणि मासा उलटला. थाप पुन्हा पडली.

पोस्टमन होता. सोलहून रजिस्टर आलंय, सही लागेल, म्हणाला. त्याच्या हातातल्या यंत्रावर सुनिमबाईंनी बोटानं सही केली, तोवर त्यानं पाठवणाऱ्याचं नाव वाचून घेतलं.

"फ्रान्सचं काहीतरी दिसतंय, आई. मुलगी चालली का शिकायला?"

"मला मुलगी नाही."

"मग सून?"

"मी चाललेय."

पोस्टमन आधी मोकळेपणी हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून, फिरायला जावंच माणसानं या वयात, असं काहीबाही पुटपुटत जिना उतरला. तेवढ्यात मासा एका बाजूनं करपला होता.

पत्र त्यांनी ओट्यापाशी उभ्यानंच वाचलं. फ्रान्समधल्या आंजे नावाच्या गावी आठ महिने फ्रेंच शिकण्यासाठी त्यांनी विद्यार्थी व्हिसाचा अर्ज केला होता. कागद तपासणाऱ्यांना त्यात एक विसंगती सापडली होती. अर्जासोबतच्या हस्तलिखित पत्रात बाईंनी नवऱ्याबरोबर राहत असल्याचं लिहिलं होतं. कुटुंबाच्या दाखल्यावर मात्र नवरा सहा वर्षांपूर्वी वारल्याची नोंद होती. गुरुवारी अकरा वाजता मुलाखतीला येऊन खुलासा करावा. खुलासा न झाल्यास अर्ज पुढे जाणार नाही.

सुनिमबाईंनी पत्राची घडी घातली, करपलेली बाजू खाली करून मासा ताटलीत घेतला आणि जेवल्या. चव काही कळली नाही.

त्यांच्या पिढीतल्या बायकांना थोडं फ्रेंच आलेलं असतं, म्हणजे यायला हवं असतं. मुलींच्या शाळेत फ्रेंच आणि मुलांच्या शाळेत जर्मन, अशी तेव्हाची वाटणीच होती. कुणी ठरवली कोण जाणे, पण मुलींच्या तोंडी नाजूक भाषा आणि मुलांच्या तोंडी राकट, असा काहीतरी हिशेब असावा. 'ज स्वी, त्यू ए, इल ए' हे 'मी आहे, तू आहेस, तो आहे' त्यांनी पाढ्यासारखं घोकलं होतं. लग्नानंतर कधी चार घोट पोटात गेले की नवरा त्याच्या शाळेतलं जर्मन 'देर, देस, देम, देन' ताटलीवर चमच्यानं ठेका धरून म्हणायचा आणि सुनिमबाई इकडून आपलं म्हणायच्या. दोघांनाही काडीचा अर्थ कळत नसे. त्यांचा मुलगा थेगुन तेव्हा छोटा, तो टाळ्या पिटायचा. हा त्यांच्या घरातला गाण्याचा कार्यक्रम.

नवरा बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. एका फेब्रुवारीत कामावरच कोसळला. थेगुन तोवर उल्सानच्या गोदीत नोकरीला लागला होता. तो दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, जेवले म्हटलं की बरं म्हणतो आणि ठेवतो. चांगला मुलगा आहे. त्याच्या बापालाही फोनवर याहून जास्त बोलता यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या केंद्रात मंगळवारी संध्याकाळी फ्रेंचचा वर्ग सुरू झाला, तेव्हा सुनिमबाईंनी नाव घातलं. पाढा तरी पाठ आहे, एवढ्याच भांडवलावर. शिकवणाऱ्या बेबाई, म्हणजे बे आडनावाच्या बाई, तिशीतल्या, फ्रान्सला राहून आलेल्या. वर्गात येऊन-जाऊन तिघं: सुनिमबाई, बेकरी काढायच्या विचारातला एक तरुण आणि दवाखान्यातली एक परिचारिका. बेबाई प्रत्येकाला प्रश्न विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. तुम्हाला काय आवडतं? रविवारी काय करता? एकोणसाठाव्या वर्षी सुनिमबाईंना या गोष्टी पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी बेबाईंनी विचारलं, तुमचे यजमान काय करतात?

सुनिमबाईंनी तोंड उघडलं. नाहीत, असं सांगायचं होतं. पण 'नाहीत' म्हणजे घरी नाहीत, कामावर गेलेत, असंच त्या भाषेत होत होतं, आणि पुढचा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. बेबाई उभ्या होत्या. शेवटी येत होतं ते वाक्य त्यांनी बोलून टाकलं: माझा नवरा मेकॅनिक आहे. शाब्बास, बेबाई म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात आवडीनिवडींचा धडा आला, तेव्हा त्याला मासे आवडतात हे ओघानंच आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात, तो फार झोपतो. यावर परिचारिका खूप हसली आणि तिनं आपल्या नवऱ्याचंही तेच सांगितलं. मग दर मंगळवारी संध्याकाळी सात ते साडेआठ सुनिमबाईंचा नवरा गुन्सानच्या बंदरात कामाला जाऊ लागला, उशिरा येऊ लागला, मोजे कुठेही टाकू लागला. सुनिमबाईंना भ्रम वगैरे काही झाला नव्हता. परतताना बसमध्ये त्यांना सगळं ठाऊक असायचं. पण ते दीड तास त्या बोलत असायच्या, आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो विषय मिळाला होता.

वसंतात तरुण सोलला गेला आणि दोन विद्यार्थ्यांसाठी केंद्रानं वर्ग चालवला नाही. गुन्सानात दुसरा वर्ग नव्हता. निरोप घेताना बेबाईंनी आंजेच्या एका शाळेचा पत्ता दिला. तिथं नवशिक्यांच्या वर्गात साठीचे लोकही असतात, म्हणाल्या, आणि सकाळ-दुपार बोलावं लागतं, गप्प बसूच देत नाहीत. हे शेवटचं सुनिमबाईंच्या मनात राहिलं.

पत्र आलं त्या दिवशी दुपारी त्या बाजारात ओक्जूच्या दुकानी गेल्या. ओक्जू लोणची, भाज्या, सुकी मासळी तयार करून विकते. दोघी एका शाळेतल्या. तिनं मुळा चिरता चिरताच पत्र ऐकून घेतलं.

"थेगुनच्या आई, भाषा शिकायचंही एक वय असतं गं. आपलं वय आता शब्द विसरायचं. सकाळी मला झाकणाला काय म्हणतात ते आठवेना, गिऱ्हाइकाला म्हटलं, ते डोक्यावरचं दे."

सुनिमबाई हसल्या नाहीत, तेव्हा ओक्जूनं सुरी खाली ठेवली. मग तिनं दोन तोडगे सुचवले. पहिला, परदेशी शिकायला पाठवणाऱ्या एजंटाकडे जा, ती पोरं लोणी लावल्यासारखी पत्रं लिहून देतात. दुसरा, सांगून टाक की दुसरा केलाय.

"कागदावर गेला तो पहिला म्हणावं. हा नवा, तोही मेकॅनिकच. सवय मोडत नाही."

आता मात्र सुनिमबाई हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदरासारखं ओक्जूच्या एप्रनचं टोक लावलं. मुळ्याचा तिखटपणा, असं दोघींनी मानलं.

गुरुवारी पहाटेच्या बसनं त्या सोलला गेल्या. तीन तास शेजारची सीट रिकामी होती. व्हिसाच्या कचेरीत भोवती सगळी विशी-बाविशीतली पोरं कानात इअरफोन घालून फ्रेंच पुटपुटत होती. त्यांतल्या एकीनं उठून सुनिमबाईंना जागा दिली आणि कुणाबरोबर आलात, म्हणून विचारलं.

मुलाखत घेणारी मुलगी सो आडनावाची होती. सुनिमबाईंचं निळ्या शाईतलं फ्रेंच पत्र तिच्यासमोर होतं, दोन-तीन ओळींखाली पेन्सिलीची रेघ. आधी तिनं साधंच विचारलं. राहणार कुठे, तिकडे कुणी नातेवाईक आहे का, आठ महिन्यांनी परत येणार ना? सुनिमबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. नातेवाईक नाही, परत येणार, किमचीच्या लोणच्याचे डबे मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये ठेवायचं ठरलंय. मुलगी हसली. मग तिनं पत्र त्यांच्याकडे वळवलं.

"आई, रागावू नका. इथं लिहिलंय, 'मी नवऱ्याबरोबर राहते. तो मेकॅनिक आहे. त्याला मासे आवडतात.' आणि दाखला तर म्हणतो..."

"दाखला खरा आहे."

"मग हे?"

"मला एवढंच येतं."

मुलीला कळलं नाही. कुणाकडून तरी तपासून घ्यायचं होतंत, म्हणाली. सुनिमबाईंनी पर्समधून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. वर्ग आठव्या धड्याला बंद पडला, त्यांनी सांगितलं, आणि आठ धडे सगळे वर्तमानकाळाचे.

"आठव्या धड्यापर्यंत त्या पुस्तकात कुणी मरतच नाही हो. सगळे जेवतात, बाजारात जातात, गाडीची वाट बघतात."

मुलीनं रेघ मारलेल्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. आवाज उतरवून तिनं सांगितलं, एवढंच असेल तर फार अवघड नाही. 'आहे'चं 'होता' करायचं, तशीच बाकीची दोन क्रियापदंही भूतकाळात न्यायची. तिनं 'होता'चा फ्रेंच शब्द हळू दोनदा म्हणून दाखवला आणि पेन्सिल पुढे केली. सुनिमबाईंनी पेन्सिल हातात घेतली. कागदाला टेकवली नाही.

पुढचा, भूतकाळाचा धडा पुस्तकात आहेच की, मुलगी म्हणाली, घरीही वाचता येईल. आणि कारणाच्या रकान्यात तिला काहीतरी लिहावं लागणार होतं. वरचे लोक विचारणारच की एकसष्टाव्या वर्षी या बाईंना एवढ्या लांब कशाला जायचंय.

"घरी तीनदा उघडला तो धडा," सुनिमबाई म्हणाल्या. "उघडला आणि मिटला. तो मला एकटीनं शिकायचा नाही, बाळ. चार माणसांच्या वर्गात बसून शिकू द्या. एवढंच लिहा."