दोस्ताच्या शेडात ठेवलेली ट्रॉली

सन १९९९. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा. बायकोचे गुडघे गेलेले, एसटीत तिला उभं राहणं होईना. अन् माहूरच्या देवीला तर जायचंच होतं. म्हणून जुन्या जीपच्या चाकांवर मी लहानशी ट्रॉली करून घेतली. वर पत्र्याचं छत, आत दोघं आडवं होतील एवढी फळी. पुतण्याच्या जीपमागं जोडून एकदा औंढ्याला जाऊन आलो. बायको फळीवर आडवी होऊन गेली अन् हसत उतरली.

मग ट्रॉली ठेवायची कुठं? आमच्या बोळात शिरेना. मेव्हण्याच्या गोठ्यात म्हशी अंग घासणार. देवळापुढं लेकरं नाचणार. बाळापूरला माझ्या लहानपणच्या दोस्ताचं रोडला लागून शेड होतं. तो म्हणाला, "आण की. तुझं-माझं काय येगळं हाय?"

बायको म्हणाली, "रोडची जागा हाय, नका ठेवू."

"त्याच्यावर शक घेतीस? आमी एका ताटात जेवलेलो हाव."

दसऱ्याला वाहनाची पूजा असते. हार-नारळ घेऊन गेलो. दोन दिवसांनी माहूरला निघायचं होतं. शेड रिकामं. ट्रॉली रोडच्या कडेला, चाकं काढून मागं टाकलेली, खाली विटा सिमेंटात बसवलेल्या, बाजूचा पत्रा कापून खिडकी केलेली. आत त्याचा जावई पान लावून राहिला होता. हारही दुसऱ्याच कोणाचा चढलेला.

"काहून रे हे?"

"उभीच होती ना," दोस्त हसला. "या वयात कुठं हिंडता? जावयाच्या पोटाला लागली, पुण्य घे."

अन् चार लोकांत माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवून त्यानं मला गळ्याशी धरलं. त्या दिवशी आमच्याकडं वैऱ्याशीही भांडत नाहीत, सोनं देऊन गळाभेट घ्यावीच लागते. हे त्याला बराबर ठाऊक होतं. मी पान घेतलं. नारळ फोडला नाही.

घरी बायकोनं विचारलं, "झाली का पूजा?" मी हार अन् नारळ तसाच तिच्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला घेऊन गेलो. काथ, सुपारी, बरण्या एकेक उचलून दोस्ताच्या ओट्यावर मांडल्या, काही सांडू दिलं नाही.

"अरे, लोक काय म्हणतील?" तो म्हणाला.

"दसरा काल झाला," मी म्हणालो, अन् पहार घेऊन विटा फोडायला लागलो.