करीमचाचा डोहात उतरले तेव्हा

घाटंजीच्या आमच्या वर्कशॉपात ऑइल इंजिनं दुरुस्तीला यायची आणि किस्से होऊन जायची. साठ सालाच्या आसपासचं सांगतो. मालक करीमचाचा तरुणपणी मुंबईच्या गोदीत पाणबुडे होते. गावी परतताना पाण्यात डोक्यावर चढवायचा पितळी टोप, हवेची रबरी नळी आणि शार्कच्या गोष्टी घेऊन आले.

आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. गणपत फिटरनं विचारलं, "शार्क म्हंजे काय, चाचा?"

"मरळ मासा समज. पण बैलबंडीएवढी."

गणपतनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग तिचं कालवण कायच्यात करत असन?"

*

एकदा सोनबाजीचा पाण्याचा पंप नदीच्या डोहात घसरला. त्याच्या शेतातली मिरची पाण्यावाचून करपायला आली होती. चाचा टोप चढवून निघाले, तर चाची काठावर हजर. त्यांच्या हातात साबण ठेवून म्हणाल्या, "आत चाललेच आहात, त आंघोळ उरकून घ्या."

*

खुणा ठरलेल्या होत्या. कमरेचा दोर एकदा ओढला तर हवा वाढवायची, दोनदा ओढला तर वर घ्यायचं. मी ट्रकच्या टायरच्या पंपानं हवा मारत होतो. दोर गणपतच्या हाती होता.

थोड्या वेळानं दोराला बारा हिसके बसले.

"बारा म्हंजे काय?" सोनबाजी पांढराफटक पडला.

गणपत हिशेबाचा पक्का. "सहा वेळा वर घ्या म्हणते."

मी हवा मारणं थांबवलं नाही. आम्ही चाचांना सहा वेळा वर घेतलं आणि मधे पाच वेळा खाली सोडलं.

टोप निघाल्यावर चाचा धापा टाकत म्हणाले, "कासवानं अंगठा धरला होता. पाय झटकून राह्यलो होतो. तुम्ही मले काहून बुचकळून राह्यले?"

सोनबाजीचा पंप मात्र त्यांनी दुसऱ्या दोराला बांधला होता. मिरची वाचली.

*

हे सगळं वर्कशॉपशेजारचे यादवराव काठावरून पाहत होते; चाचांच्या शार्कच्या गोष्टी त्यांनीही ऐकल्या होत्या. ते हळूच म्हणाले, "चाचा, माह्या विहिरीतबी शार्क आहे. चार बादल्या खाल्ल्या तिनं. आठ दिवसांपासून बायका पाण्याले जात नाहीत."

आम्ही तोंडं फिरवून हसलो. चाचा हसले नाहीत. त्याच दुपारी विहिरीत उतरले आणि चारही बादल्या घेऊन वर आले. प्रत्येकीच्या कडीला दोराचा कुजका तुकडा लोंबत होता.

यादवराव दहा पावलं लांबूनच म्हणाले, "गेली काय?"

"नाही," चाचा टोप पुसत म्हणाले. "पण भली बाई आहे. म्हणे, दोर बदला."