मामेसासऱ्यांचं ‘चला’

एका जागी स्वस्थ बसणं हा ज्यांच्या लेखी आजारच आहे, अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण आमचे मामेसासरे त्या सगळ्यांचे महाराजाधिराज. नेवाशाजवळच्या त्यांच्या मळ्यात मी जावई म्हणून पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते स्वागताला उभे होते, जेवणाला उभे होते, आणि गप्पांना म्हणून जे बसले ते माझं पहिलं वाक्य संपायच्या आत विहिरीवरची मोटार बघायला गेले. दाढी अर्धी झाली की त्यांना हटकून गोठ्यातलं काहीतरी आठवतं, त्यामुळे निम्म्या गावाने त्यांना एकाच गालाला साबण लावलेलं पाहिलं आहे. आणि या साऱ्या धावपळीला एकच शब्द: ‘चला!’ जाताना आपण सगळेच म्हणतो, मामा येतानाही म्हणतात. ताटावर बसताना ‘चला’, हात धुताना ‘चला’, कुणाच्या सांत्वनाला गेले तर थोडा वेळ मान खाली घालून ‘चला’. मामी सांगतात, “आमच्या लग्नात मंगलाष्टका चालू हुत्या, तवा बी ह्यांनी चला म्हनलं. भटजी बिचारं उरलेल्या गाळून मोकळं झालं.”

अशा माणसाने घोडी पाळावी यात नवल नाही. नवल हे की, तिला प्रदर्शनात उतरवायचं त्यांच्या मनाने घेतलं. सायली ही त्यांची काठेवाडी घोडी, तांबूस अंगाची, देखणी. मामा तिला स्वतः खरारा करतात, आणि स्वतःच्या भाकरीआधी तिच्या हरभऱ्याची चौकशी करतात. जामखेडकडच्या एका जत्रेत घोड्यांचं प्रदर्शन भरतं. बडे घोडेवाले तिथे फार्मचं नाव छापलेले टी-शर्ट घातलेली माणसं घेऊन येतात. मामा आले ते टेम्पोत घोडीशेजारी उभे राहून, कारण केबिनमध्ये बसावं लागतं. दोरी धरायला कुणी सराईत माणूस घ्या, असं मी सुचवलं, तर उखडले. “जावाईबापू, घोडी मी वाढवली. नंबर येईल तो माझ्या हातात दोरी असताना. न्हाईतर त्यात माझं काय हाय?”

आधी घोडीबरोबर पळून तिची चाल दाखवायची, मग पंचांसमोर तिला अजिबात न हलता उभी करायची, अशी तिथली रीत. चाल अशी झाली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंच म्हणाले, “उभी करा.” सायली उभी राहिली. मामांना इतका आनंद झाला की ते म्हणाले, “चला, झालं एकदाचं!” आणि सायली निघाली. त्यांनी तिला वळवून आणली. पंच वाकून खूर बघू लागले. “चला, बघून घ्या सायेब,” मामा अदबीने म्हणाले. पंचांनी मान वर केली तर घोडी आणि मालक दोघेही फुगेवाल्यापाशी पोचलेले. तिचा बिचारीचा काय दोष? शिंगरू होती तेव्हापासून तो शब्द ऐकला की पाय उचलायचा, एवढंच तिला शिकवलेलं. नंबर गेलाच, वर लाउडस्पीकरवरून ‘घोडीला शिस्त लावा’ असा सल्ला मिळाला. तो सल्ला चुकीच्या प्राण्याबद्दल होता, हे मामींनी घरी गेल्यावर स्पष्ट केलं.

पुढचं वर्षभर मामांनी स्वतःला शिस्त लावली. घाई होतीच. गुडघा कुरकुरत होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, यंदा काय पळायचं ते पळून घ्या. घोडीबरोबर पळता येणार नाही म्हणजे दोरी दुसऱ्याच्या हातात, हे मामांनी ओळखलं. सुट्टी मिळाली की मी नगरहून जायचो आणि पंच व्हायचो. ‘चला’च्या जागी ‘बरं का’ म्हणायचं ठरलं. पण उचकीसारखा तो शब्द ओठांवर यायचा आणि मामा तोंड दाबून शेताकडे पळायचे. मामा ‘चला’ म्हणेनात, म्हणून सांत्वनाला गेलेली अख्खी भावकी एकदा तिन्हीसांजेपर्यंत बसून राहिली.

यंदाच्या प्रदर्शनात मामा पळाले. लंगडणं लपवत पळाले. माझ्याखेरीज ते कुणाला कळलं नसावं. मग तोंडात सुपारी धरून घोडीपाशी उभे राहिले. पंच नेमके संथ निघाले. कान पाहिले, दात पाहिले, मागे जाऊन पुन्हा पुढे आले. रिंगणाच्या दोराबाहेर येरझाऱ्या मी घालत होतो. मामांचे ओठ थरथरत होते, सायलीचा एक कान त्यांच्याकडे वळलेला. दोघंही एकाच शब्दाची वाट बघत होती. तो आला नाही. दुसरा नंबर जाहीर झाला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

फेटा बांधून झाला. आता हा माणूस जत्राभर नाचत सुटणार, असं मी धरून चाललो होतो. मामा टेम्पोमागे आले, चाकाला पाठ लावून जमिनीवर बसले, पाय लांब केला. घोडी शेजारी उभी राहिली. “निघायचं ना मामा?” मी विचारलं.

“बसा की जरा,” ते म्हणाले. “आता कुटं पळायचंय?”

मी बसलो. दुकानं आवरली जाऊ लागली, समोरून गाड्या निघून गेल्या, तरी मामा हलले नाहीत. या माणसाने घटकाभर बसून माझ्याशी बोलावं म्हणून मी किती वर्षं तडफडलो होतो. आणि आता ते बसले होते, बोलतही होते, तर माझं लक्ष त्यांच्या बोलण्यात नव्हतं. त्यांनी एकदम उठावं, काहीतरी आठवून मला तसंच सोडून पळावं, असं वाटत होतं. त्यांच्या गुडघ्याकडे बघायचं नाही, असं ठरवून मी घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिलो.