अविनाशकाकांचा ॲम्प्लिफायर आणि माझं गप्प बसणं

अविनाशकाका काल अमेरिकेत, चँडलरमध्ये वारले. हार्ट अटॅक.

सात वर्षांपूर्वी त्यांची नोकरी गेली, तेव्हा मी त्याच खोलीत होते. आणि गप्प बसले होते.

फ्रीमाँटजवळ एका जपानी ऑडिओ कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं. काका तिथे सीनियर इंजिनियर. मी वॉरंटीचा डेटा सांभाळायचे. डब्बा आम्ही एकत्र खायचो.

कंपनीचा सगळा इतिहास मी डब्बा खाता खाता ऐकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने एका शेडमध्ये ती सुरू केली. ट्रान्सफॉर्मरची तार तो स्वतः गुंडाळायचा, बायको सोल्डरिंग करायची. मग ॲम्प्लिफायर आले, टर्नटेबल आले, कॅसेट डेक आले. एके काळी अमेरिकेतली कॉलेजची मुलं पहिल्या पगारात यांचा ॲम्प घ्यायची.

काका तरुणपणी मुंबईहून जपानला ट्रेनिंगला गेले होते. म्हातारे मालक रोज कारखान्यात यायचे, चालू ॲम्पवर तळहात ठेवून, किती तापतो ते बघत उभे राहायचे.

"ऐकायचे नाहीत?" मी विचारलं होतं.

"ऐकणारे बाकीचे होते. ते म्हणायचे, हा लोकांच्या घरात राहणार आहे."

मग गाणी फोनमध्ये गेली. कंपनी एका इन्व्हेस्टमेंट फर्मने विकत घेतली. जुना कारखाना बंद झाला. नाव तेच राहिलं, आतला माल बदलला.

त्या वर्षी नव्या मॉडेलचे तीन ॲम्प एकाच महिन्यात परत आले. तिन्हींना जळका वास.

काकांनी ते उघडले. रिमोटने बंद केला तरी आतला पॉवर सप्लाय तापत राहायचा.

"मृदुला, हे घरात आग लावणार," ते म्हणाले. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

त्यांनी हेड ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं: तपास चालू आहे, बाहेर चर्चा करू नये. कंपनी पुन्हा विकायची बोलणी सुरू होती, हे आम्हाला नंतर कळलं.

काकांची ग्रीन कार्डची फाइल याच कंपनीकडून होती. केतकी, त्यांची मुलगी, वीस वर्षांची. एकवीस पूर्ण झाली की ती वडिलांच्या व्हिसावरून उतरणार. नोकरी गेली, तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा.

माझंही तेच. नवरा माझ्या व्हिसावर. मुलगा दीड वर्षाचा.

आठवडा तसाच गेला. घरी आमटीला फोडणी दिली, तरी जळका वास आल्यासारखा वाटायचा.

मग एका दुपारी मी वॉरंटीची यादी प्रिंट केली. ते ॲम्प घेतलेल्यांची नावं, फोन नंबर. ती काकांच्या बेंचवर ठेवली आणि म्हटलं, "माझं नाव सांगू नका. प्लीज."

"नाही सांगणार," काका म्हणाले.

लंचमध्ये ते गाडीत बसून स्वतःच्या फोनवरून एकेकाला कॉल करू लागले. एकदा मीही शेजारी बसले होते. सॅक्रामेंटोचे एक म्हातारे गृहस्थ होते. काकांनी त्यांना ॲम्पवर हात ठेवून बघायला सांगितलं.

आम्ही थांबलो. स्पीकरवर त्यांची पावलं लांब जाताना ऐकू येत होती. मग काहीच नाही.

काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मी देवाचं नाव घेत होते.

ते गृहस्थ फोनवर परत आले. "इट्स ऑफ, बट इट्स हॉट," म्हणाले. "द शेल्फ अंडर इट इज ब्लॅक."

"सर, भिंतीतून प्लग काढा. आत्ता. मी लाइनवर आहे," काकांनी इंग्लिशमध्ये सांगितलं. आवाज अगदी शांत. कपाळावरून घाम गळत होता.

प्लग निघाला.

त्याच संध्याकाळी काकांनी सरकारी सेफ्टी ऑफिसकडे रीतसर तक्रार केली. फोटोंसकट, स्वतःच्या नावाने.

चौथ्या दिवशी मॅनेजरने आम्हाला दोघांनाही आत बोलावलं. कस्टमरची यादी बाहेर कशी गेली?

मी खाली टेबलाकडे पाहिलं.

"मी घेतली," काका म्हणाले. "हिला काही माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, तर कदाचित मी बोलले असते. कदाचित नसते.

दुपारपर्यंत त्यांचा बेंच रिकामा झाला. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडले, आणि तोंड धुऊन परत कामाला गेले.

ॲम्पचा रिकॉल झाला, विकलेले सगळे परत मागवले गेले. वर्षभरात अमेरिकेतलं ऑफिसही बंद झालं.

काकांना पन्नासाव्या की बावन्नाव्या दिवशी चँडलरला नोकरी मिळाली. ग्रीन कार्डचं काम नव्या कंपनीने पुन्हा सुरू केलं, पण मधल्या काळात केतकीला एकवीस पूर्ण झाली. शेवटी ती कॅनडाला गेली आणि तिथलीच झाली.

दर दिवाळीला काकांचा फोन यायचा. दर वेळी मी माफी मागायचं ठरवायचे. मग मुलाच्या शाळेचं काहीतरी बोलून फोन ठेवायचे.

आज सकाळी केतकीचा फोन आला.

"मावशी, त्या कंपनीत काय झालं होतं? बाबा नेहमी म्हणायचे, कंपनी बंद झाली."

काकांनी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

हिला खरं सांगितलं, तर ही मला कधी माफ करेल का? तरी सांगितलं. यादी, प्लग, ती खोली, मी.

तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "वॉज एनीवन हर्ट? त्या ॲम्पमुळे?"

"नाही गं. कोणालाच काही झालं नाही."

"ओके," ती म्हणाली. मग रडत रडत पुन्हा, "ओके."

तिला विचारूनच हे लिहिते आहे.

अविनाशकाका, यादी मी दिली होती. आज सगळ्यांसमोर सांगते.

तुम्हाला शेवटचा, मनापासून नमस्कार.