वेणूचा उजवा डोळा

“बाई, हे रडणं नव्हे,” असं म्हणत डॉक्टरांनी माझी वरची पापणी काडीवर उलटी केली आणि भिंग लावून आत पाहिलं. मग दुसरी. मग त्यांनी साबणानं हात धुतले, आणि पुन्हा एकदा धुतले. मला तिथंच कळायला हवं होतं.

“ट्रॅकोमा,” ते म्हणाले. ट्रॅकोमा म्हणजे आपल्या खुपऱ्या. पापणीच्या आतल्या अंगाला साबुदाण्यासारखे बारीक दाणे येतात. डोळा गळतो, उजेड सोसत नाही. पुढं पापणी आखडून आत वळते, तिचे केस बुबुळाला घासतात आणि तिथं फूल पडतं. नाव गोड आहे, पण फूल म्हणजे पांढरा डाग, आणि त्यातून काही दिसत नाही. हा रोग एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. म्हणून खुपऱ्यांच्या माणसाला परदेशी बोटीवर चढू देत नाहीत.

मोंबासाला कधी निघायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. ते म्हणाले, “वर्षभर तरी विसरा.”

ही गोष्ट धुळ्याच्या दवाखान्यातली, पहिल्या महायुद्धाच्या पाचएक वर्षं आधीची. मी वीस वर्षांची होते आणि अख्ख्या फैजपुरात माझ्याएवढी शहाणी बाई नाही अशी माझी खात्री होती. आमचे हे आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या मालकोठारात कारकून म्हणून गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. आता बिऱ्हाडाला खोली मिळाली होती. मी आणि तीन वर्षांची वेणू जाणार होतो.

माझी तयारी विचारू नका. मडमा बूट घालतात असं ऐकून मी जळगावहून बूट मागवले आणि शेणानं सारवलेल्या ओसरीवर ते घालून चालायचा सराव केला. ओसरी खरवडली गेली, ती मीच पुन्हा सारवली. आगबोट स्टेशनं घेत घेत जाते अशी माझी समजूत होती. वाटेत दूध कुठं मिळेल, हे मी शाळामास्तरांना विचारलं होतं. बिचारे हसले नाहीत.

डोळे तेव्हाच गळायला लागले होते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपे. पण घरी येणारी प्रत्येक बाई म्हणे, किती मायाळू सून, सासर सोडायचं म्हणून डोळ्याचं पाणी खळत नाही. मी पदरानं डोळे टिपे आणि ते कौतुक खुशाल पदरात पाडून घेई. तीन महिने मी खुपऱ्यांवर मायाळू म्हणून मिरवले. फक्त सासूबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणत असू, त्या फसल्या नाहीत. म्हणाल्या, “सून रडते रडते, पन गठुडी बांधनं काही थांबत नही.” त्यांनीच मला जळगावला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं.

दवाखान्यामागं आम्ही एक खोली घेतली. अक्का, वेणू आणि मी.

इलाज होता कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद. त्याची निळी कांडी असते. पापणी उलटी करून ती दाण्यांवर घासतात. दर तिसऱ्या दिवशी. कुणाला हे करून घ्यायची पाळी आली तर मी खोटं सांगणार नाही, दुखतं. मिरची डोळ्यात गेली तर ती धुता तरी येते. कांडी फिरली की तासभर डोकं भिंतीला टेकून बसायचं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही वीस-पंचवीस जण तसेच ओळीनं बसायचो, डोळ्यांवर ओली फडकी धरून.

डॉक्टरांनी नियम घालून दिले होते. पंचा वेगळा, उशी वेगळी. पोरीला जवळ घेऊन निजायचं नाही. काजळ बंद, आणि डबी उकिरड्यावर.

मी सगळं पाळलं, डबी तेवढी टाकली नाही. माझ्या आईनं तांब्याच्या ताटलीखाली एरंडेलाचा दिवा ठेवून ते काजळ धरलं होतं, आणि मोंबासाच्या बायकांसमोर मी कोऱ्या डोळ्यांनी कशी उतरणार? डबी ट्रंकेच्या तळाशी ठेवली. मी स्वतः लावत नव्हते, एवढं खरं.

पण वेणूचे डोळे मोठे, टपोरे. व्हरांड्यातल्या बाया आंधळ्यासारख्या बसलेल्या, तरी फडकं बाजूला करून तिच्याकडे पाहत आणि म्हणत, काय डोळे दिलेत देवानं. दुखऱ्या डोळ्यांच्या वीस बाया एका पोरीचे डोळे वाखाणतात, म्हटल्यावर दृष्ट लागणार हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. डॉक्टरांनी काजळ मला मना केलं होतं, वेणूला नाही. आणि लेकराचं काजळ म्हणजे काही नटणं नव्हे. म्हणून दवाखान्यात जायच्या आधी रोज मी माझे गळणारे डोळे पुसायची आणि त्याच हातानं, त्याच बोटानं, त्याच डबीतून वेणूच्या डोळ्यांत काजळ घालायची. गालावर तीट लावायची. मग निघायचो.

दोन महिन्यांत वेणू उजेडाकडे पाठ करून बसायला लागली. मी म्हटलं, लाडावली आहे. तिचा डावा डोळा लाल झाला तेव्हा मी म्हटलं, धुळ्याची धूळ. अक्कांनी तिला उचललं आणि माझ्या नंबराच्या आधी आत नेलं.

डॉक्टरांनी तिची पापणी उलटली. त्यांचा अंगठा काजळानं काळा झाला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “बोट कुणाचं?”

“माझंच,” मी म्हटलं. अभिमानानं म्हटलं हो. आईशिवाय कोण घालणार?

ते हात धुवायला गेले.

इथवर मी त्या वीस वर्षांच्या बाईला हसत आले. तिच्या बुटांना हसले, आगबोटीला हसले. इथून पुढं मला ते जमत नाही.

वेणूच्या डाव्या डोळ्यावर पावसाळ्याच्या अखेरीला फूल पडलं. कॉर्नियल अल्सर, डॉक्टर म्हणाले, म्हणजे बुबुळावरचा व्रण; तो भरला पण डाग राहिला. उजवा डोळा वाचवायचा तर कांडी चुकवायची नाही, एकदाही नाही. तीन वर्षांच्या पोरीला ते कसं समजावणार? मी तिचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरायची, अक्का हात धरायच्या. ती मला चावायची. मी चावू द्यायची.

वर्ष सरता सरता माझे दाणे बसले. डॉक्टरांनी दाखला दिला. वेणूला दिला नाही. म्हणाले, अजून दोन वर्षं, कदाचित तीन. इलाज मध्येच सोडला तर तोही डोळा जाईल, आणि मुंबईला बोटीवर कुणी तिला चढू देणारही नाही.

तेवढ्यात यांचं पत्र आलं. ताप येतो आहे, जातो आहे. साहेबानं सांगितलं आहे की बिऱ्हाड या वर्षात आलं नाही तर खोली दुसऱ्याला देऊ, पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. शेवटी लिहिलं होतं, तू ठरव.

पत्र मी मोठ्यानं वाचलं. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, “पोरीले मी सांभायीन. तू जाय. तो एकटा ताप काढतो तिकडे.”

मी नाही म्हणायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण थोडा वेळ तरी घ्यायला हवा होता. मी त्याच संध्याकाळी ट्रंक भरायला घेतली.

परमुलखात बसणं म्हणजे काय, ते मोंबासात कळलं. पत्र्याची खोली, दमट हवा, भांड्यांना रोज गंज. पाण्यासाठी रांगेत उभं राहायचं तर शेजारच्या गुजराती बाईची भाषा अर्धी कळे आणि पाणीवाल्या हबशी बाईची मुळीच नाही. माझे डोळे उन्हात अजून गळत. आजूबाजूच्या बायका पोरांना माझ्यापासून दूर ओढत. मला राग येत नसे. त्या बरोबरच करत होत्या. बाजारात केळ्यांचे घड असत, आमच्या यावल तालुक्यातल्यासारखेच हिरवेगार. वर्षभर मी केळं तोंडात घातलं नाही. हे म्हणाले, हा काय उपास? मी म्हटलं, आवडत नाही. मग हळूहळू भाषा आली, शेजारीण रोज धान्य निवडत बसायला येऊ लागली, कुंडीत कोथिंबीर उगवली. माणूस रुळतं. मी रुळले, आणि त्याचीही लाज वाटे.

महिन्या-दीड महिन्यानं अक्कांचं पत्र येई, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लिहवलेलं. मी आधी एकच ओळ शोधायची: उजवा डोळा ठीक. बाकीचं नंतर.

बाकीच्यात अक्का असत. साठीची बाई, शेत, गोठा, भाऊबंद सगळं फैजपुरात टाकून धुळ्याच्या एका खोलीत बसली होती. मी निदान आगबोटीनं गेले म्हणून परदेशी. त्यांना धुळं तेवढंच परकं. भाजीवाली अहिराणीत “बठ्ठा माल ताजा शे” म्हणे, म्हणजे सगळा माल ताजा आहे; ते त्यांना पहिले सहा महिने कळत नसे. पत्रात त्यांनी लिहवलं होतं, “हे लोक बोलतात का भांडतात, तेच समजत नही.” पुढच्या वर्षी त्याच भाजीवालीच्या लेकीचं बाळंतपण अक्कांनी केलं. पण कांडीचा दिवस त्यांनी एकदाही चुकवला नाही. मोजून ठेवणाऱ्या बाई नव्हत्या त्या, पण चुकवला नाही.

चार वर्षांनी आम्ही परत आलो. डॉक्टरांनी मला वेणूचा उजवा डोळा दाखवला. पापणी आतून गुळगुळीत, बुबुळ स्वच्छ. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. ते बाजूला सरले आणि म्हणाले, “माझ्या नव्हे.” अक्का दाराशी चपला शोधत होत्या, त्यांच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. मी तिकडे वळले खरी, पण मध्ये वेणू अक्कांचा पदर धरून उभी होती. मला पाहून ती पदराआड गेली. माझे पाय पुढं गेले नाहीत. पुढच्याच वर्षी अक्का गेल्या.

आता वेणूची लेक विलायतेला शिकायला निघाली आहे. डॉक्टरी तपासणीत तिचे डोळे निर्दोष निघाले, तेव्हा हे सगळं लिहावं असं वाटलं. ज्यांना लेकरासह परदेशी जायचं आहे त्यांनी एवढं करा: गळणारा डोळा लपवू नका, पंचा वाटून घेऊ नका, आणि लेकराच्या डोळ्यात स्वतःचं बोट घालू नका, नटवायला नाही आणि दृष्ट लागू नये म्हणूनही नाही.

लिहायच्या आधी मी वेणूला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी गेले ते तुला आठवतं का?

वेणू तांदूळ निवडत होती. मान किंचित डावीकडे वळवून ती पाहते, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. “अक्काची मांडी आठवते. दवाखान्यातून आलं की ती ऊस सोलून द्यायची, ते आठवतं.”

“आणि मी परत आले ते?”

“एक बाई आली होती, एवढं आठवतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती पुन्हा तांदळातले खडे काढायला लागली, आणि एकही खडा तिच्या नजरेतून सुटला नाही. मी बराच वेळ तेच पाहत बसले. अक्कांचे उपकार मानायला त्यांच्या हयातीत माझं तोंड उघडलं नाही. ते आज इथं मानते.